शब्बन मियांच्या घरचं वाण

लखनऊत निशातगंजच्या बाजारातून आमच्या गल्लीत वळलं की डाव्या हाताला शब्बन मियांचं रजाईचं दुकान लागतं. दुकान म्हणजे एक खोली, अर्धी कापसाने भरलेली, आणि पुढे ओटा. कापूस पिंजायचं यंत्र आत, आणि ओट्यावर पाय पसरून रजाईला टाके घालणारे शब्बन मियां बाहेर. त्यांच्या दाढीत, भुवयांवर कायम कापसाचे तंतू अडकलेले असत. त्यामुळे माणूस वयाने किती पांढरा आणि धंद्याने किती, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

मी रेल्वेच्या संशोधन खात्यात नोकरीला म्हणून नागपूरहून इथे आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. लिहिण्याची मला सवय नाही. आमची मृणाल लखनऊमध्येच वाढली, मराठी समजतं पण उत्तर हिंदीत देते. तीच फोनवर म्हणाली, "बाबा, लिख दो ना. आप बस सोचते रहते हो." शब्बन मियां स्वतःबद्दल कुणाला काही सांगणार नाहीत, म्हणून मी लिहायला बसलो. त्यांची बोली मला जशीच्या तशी उतरवता येणार नाही. बहुतेक मराठीतच लिहितो, थोडी त्यांची राहू देतो.

डिसेंबर उजाडला की त्यांच्या ओट्यावर एक नाटक चाले. रस्त्याने एखादा रिक्षावाला अंगावर पोतं पांघरून जाताना दिसला, की शब्बन मियां ओरडत, "अरे भाई, ज़रा इधर! ही रजाई उचल इथून. गिऱ्हाईक बनवायला सांगून पळालं, ही माझी जागा अडवून बसली आहे."

एकदा एक रिक्षावाला त्यांच्याही वरचढ निघाला. रजाई खांद्यावर टाकत म्हणाला, "मियां, गिऱ्हाईक तर मागच्या वर्षीही पळालं होतं."

"लखनऊत पळपुट्यांची काय कमी आहे? जा, जा, उजेडात नेऊन बघ, उंदराने कुरतडली असेल तर परत आण."

तो गेल्यावर मी हळूच विचारलं, "खरंच पळालं का गिऱ्हाईक?"

शब्बन मियां हसले. म्हणाले, "इंजीनियर साहब, आमच्याकडे ज़कात द्यावीच लागते. पण देताना 'ही ज़कात आहे' असं सांगावं लागत नाही. ज्याला कळायला हवं त्याला कळतं. या गरिबाला कशाला कळायला हवं? मग त्याला त्या रजाईत थंडी वाजेल."

रमज़ानमध्ये वर्षाचा हिशेब करून काढायचं ते दान म्हणजे ज़कात, आणि मनाला येईल तेव्हा, येईल तसा करायचा तो सदक़ा, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. रस्त्यातली वीट पायाने बाजूला सारली तरी तो सदक़ा, कुणाशी हसून बोललं तरी सदक़ा, असं ते म्हणत. आणि खरंच, ओट्यावरून उतरून गल्लीतल्या विटा बाजूला करताना मी त्यांना पाहिलं आहे. लोकांची स्कूटर उभी करायला जागा होई म्हणून लोक त्यांना दुवा देत, आणि ते स्कूटरवाल्यांना शिव्या देत.

मग सुहासिनी, म्हणजे माझी पत्नी, आजारी पडली. फुप्फुसांचा आजार. घरी ऑक्सिजनचं मशीन आणावं लागलं. थंडी फार, पण तिला रजाईचं वजन छातीवर सोसवेना. मी दुकानात जाऊन एवढंच म्हणालो की भाभीजींनी एखादी हलकी रजाई द्यावी. भाभीजी म्हणजे त्यांच्या पत्नी कमरजहां; सुहासिनीला त्या बाजी, म्हणजे ताई, म्हणत. रजायांच्या खोळी त्या शिवतात. दुसऱ्या दिवशी शब्बन मियां स्वतः रजाई घेऊन घरी आले. नवा कापूस, निम्माच भरलेला, टाके जवळजवळ. सुहासिनीने ती अंगावर घेतली आणि म्हणाली, "हं, आता कसं बरं वाटतंय."

त्यानंतर ते रोज दुपारी, नमाज़ झाली की येऊ लागले. खुर्ची ओढून तिच्याशी गप्पा मारत. गप्पा म्हणजे काय, चौकातल्या कुठल्याशा हलवायाच्या भानगडी. मी तासन्‌तास तिच्याजवळ बसे पण मला बोलायला सुचत नसे. हे आले की ती हसे. हसून तिला खोकला येई आणि ती खुणेने सांगे, थांबा, थांबा, पुढे काय झालं ते मग सांगा. ते "बरं आहे?" एवढं मराठी तिच्याकडून शिकले आणि दारातून आत येतानाच विचारू लागले. मी एकदा म्हटलं, "शब्बन मियां, दुकान सोडून येता, तुमचं नुकसान होतं." तर म्हणाले, "बीमार आदमी के पास बैठना भी सदक़ा है, साहब. मला फुकटात मिळतोय, तुम्ही कशाला अडवता?"

सुहासिनी त्याच थंडीच्या अखेरीस गेली. मशीन कोपऱ्यात राहिलं. त्यावर तिची जुनी सुती साडी टाकून ठेवली. कुणाला द्यायचं, कसं द्यायचं, काही ठरवलं नाही.

यंदाच्या थंडीत शब्बन मियांचं दुकान बंद दिसू लागलं. आयुष्यभराचा कापूस छातीत बसला होता. मी घरी गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास अडे, म्हणून रात्रीही बसूनच काढत. ओठ निळसर. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावा असं सांगितलं होतं, किती लावायचा तेही लिहून दिलं होतं. मोहल्ल्यातल्या एका संस्थेचं मशीन मिळत होतं. शब्बन मियांनी ते परत पाठवलं. "ते गरिबांसाठी आहे. माझ्यापेक्षा वाईट हालत असलेले पडले आहेत." वाक्य पुरं करायला त्यांना मध्ये थांबावं लागलं.

भाभीजी मला दारापर्यंत पोचवायला आल्या. "डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर ही थंडी निघणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि आत वळल्या.

घरी येऊन मी साडी बाजूला केली, मशीन पुसलं, चालवून पाहिलं. मृणालला फोन केला. "दे दो ना बाबा, इसमें पूछना क्या है?" खरंच, विचारण्यासारखं काय होतं? पण काय बोलून द्यायचं याची मी सगळी संध्याकाळ मनात तयारी केली. नुसतं "घ्या" कसं म्हणायचं? त्यांच्या रीतीचा, त्यांच्या आवडीचा शब्द वापरावा असं वाटलं. ई-रिक्षात मशीन घालून गेलो आणि शब्बन मियांपुढे उभा राहून पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"शब्बन मियां, इसे हमारी तरफ़ से सदक़ा समझ लीजिए."

त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. फार अदबीने म्हणाले, "आपकी मोहब्बत है, साहब. अल्लाह का शुक्र है, अभी वो नौबत नहीं आई." आणि डोळे मिटून घेतले.

मी मशीन घेऊन बाहेर आलो. पायात चपला घालता येईनात. मागून भाभीजी आल्या. त्यांना हसू येत होतं आणि त्या ते ओढणीत दाबत होत्या.

"भाईसाहब, हे काय बोललात तुम्ही?"

"चुकलं का काही? ते तर स्वतः म्हणतात, हसून बोलणंसुद्धा सदक़ा."

"म्हणतात ना. पण ज्याच्याशी हसतात त्याला थोडंच सांगतात? सदक़ा करणाऱ्याने मनात ठेवायचा. आणि वस्तू असेल तर ती गरिबाला. डोक्यावरून उतरवून देतात आमच्याकडे, बला टळावी म्हणून. बाजींच्या आजारातलं मशीन, आणि वर तुम्ही म्हणता सदक़ा! त्यांना वाटलं असेल, साहब आपल्या घरची बला आमच्या घरी ठेवून चाललेत."

मला भूमी दुभंगावी असं झालं. म्हटलं, "भाभीजी, देवाशपथ, माझ्या मनात..."

"अहो, मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. पण अडून बसले ना आता. जन्मभर दिलंय, घ्यायची सवय नाही. मी रोज सांगते, सगळा सवाब, म्हणजे तुमचं पुण्य, एकट्यानेच कमवायचा, दुसऱ्याला कमवू द्यायचा नाही, हाही लालचीपणाच आहे. दोस्ताने दिलं तर तो हदिया, भेट. ती तर पैग़ंबर साहेबही घ्यायचे. पण तुम्ही शब्द असा वापरलात की मला काही बोलायला जागाच ठेवली नाहीत."

मशीन दारात, मी दारात. ई-रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात भाभीजी एकदम म्हणाल्या, "बरं, एक सांगा. खिचड़ीच्या सणाला बाजी दर वर्षी माझ्या हातात काहीतरी ठेवून जायच्या. कधी चाळणी, कधी डबा. एकदा तर मोठी परात. मी नको म्हटलं की रागवायच्या, हे परत करत नाहीत म्हणायच्या. ते काय होतं? ख़ैरात तर नव्हती?"

"नाही, नाही. ते वाण. संक्रांतीला, म्हणजे तुमच्या खिचड़ीला, बायका बायकांना देतात."

"ग़रीब म्हणून?"

"छे! मैत्रीण म्हणून. वाणाला नाही म्हणत नाहीत."

भाभीजींनी मशीनकडे पाहिलं. मी भाभीजींकडे.

"पण वाण बायकांनी द्यायचं असतं," मी म्हणालो. "मी कसं..."

"मग काय बाजींना वरून बोलावता? त्यांचं मशीन, त्यांचं वाण. तुम्ही फक्त हमाल आहात, भाईसाहब. खिचड़ीला किती दिवस आहेत?"

संक्रांत परवावर होती. मी मशीन परत घरी नेलं. तोवर डॉक्टरांच्या ओळखीने एक सिलिंडर भाड्याने आणून भाभीजींनी वेळ निभावली, तीही नवऱ्याशी भांडून.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. तिळगूळ मला करता येत नाही. बाजारातून रेवड्या घेतल्या, त्यांतही तीळ-गूळच असतो. हळदीकुंकवाचं काय करायचं ते सुचेना, म्हणून ते सोडलं. हे सगळं शास्त्राला धरून होतं की नाही, मला माहीत नाही. सुहासिनी असती तर तिने निदान मशीनवरची धूळ नीट पुसली का ते पाहिलं असतं. मी दोनदा पुसली.

शब्बन मियां तसेच भिंतीला टेकून होते. मी त्यांच्याकडे न बघता सरळ भाभीजींपुढे गेलो, रेवड्यांची पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "भाभीजी, सुहासिनीकडून वाण." भाभीजींनी ओढणीचा पदर पसरला. मशीन काही त्या पदरात मावण्यासारखं नव्हतं, म्हणून पदराचं टोक त्यावर टाकलं आणि पुडी कपाळाला लावली. "क़ुबूल," म्हणाल्या.

"ये क्या हो रहा है?" शब्बन मियांनी विचारलं.

"तुमचा काही संबंध नाही," भाभीजी म्हणाल्या. "बाजींकडून मला वाण येणं होतं, आलं. परात आली होती तेव्हा विचारलं होतंत? त्याच परातीत कणीक मळून गेली किती वर्षं खाऊ घालतेय."

"परात में और इसमें..."

"फ़र्क है. परात हलकी होती. आता ऐका. वस्तू माझी. मी माझ्या शौहरला देतेय. माझ्याकडून घेणार, की माझ्याकडूनही नाही? नाही म्हणायचं तर नीट मोठ्याने म्हणा, साहबांसमोर."

शब्बन मियांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा ते अदबीने काहीतरी बोलतील आणि सगळं संपेल.

"इंजीनियर साहब," ते म्हणाले, "आपने तो मेरी बीवी को मेरे ख़िलाफ़ कर लिया."

"वो पहले से थीं," मी म्हणालो. कसं सुचलं कोण जाणे.

ते हसायला लागले, हसण्यातून खोकला सुटला, आणि खोकला थांबेपर्यंत भाभीजींनी नळी त्यांच्या नाकाला लावून कानांमागून फिरवली होती. त्यांनी ती काढली नाही. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीत बघून मशीन चालू केलं. मशीनच्या घुरघुरीचा आवाज मला आमच्या घरी कधी सहन झाला नव्हता. त्या खोलीत तो वेगळाच वाटला, बाजूच्या घरात कुणी शिवणयंत्र चालवावं तसा.

शब्बन मियांनी भाभीजींचा हात क्षणभर धरला आणि सोडला. मग मला म्हणाले, "साहब, शुक्रिया म्हणू की नको? नाहीतर तुमच्या वाणात काही बाधा यायची."

"म्हणा," मी म्हणालो. "पण मला नको. मी हमाल."

"मग माझ्यातर्फे पोचवा," ते म्हणाले. सुहासिनीच्या आठवणीने की थकव्याने, त्यांचे डोळे भरले होते. मी मान हलवली. मलाही तिला बरंच काही पोचवायचं होतं. तिने माझ्या नकळत या घरात एवढी जागा करून ठेवली होती, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं की परात कुठे गेली.

भाभीजी चहा घेऊन आल्या तेव्हा शब्बन मियां हळूहळू उशीवर सरकत होते. खांदे टेकले, मग पाठ टेकली. ओठांचा निळेपणा कमी झाला होता का, की मला तसं वाटत होतं, सांगता येत नाही. पण ते आडवे झाले आणि आडवेच राहिले. भाभीजी कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, श्वास मोजल्यासारख्या. मग त्यांनी मला खुणेने सांगितलं, झोपले.

मी चहा संपवला आणि आवाज न करता उठलो.