गालाला लावलेली बरणी

अक्का रिकामी बरणी उचलून गालाला लावायच्या आणि डोळे मिटायच्या. "आजून वली हाय. ऊन पाजा तिला." आम्हाला ती कोरडीच दिसायची. "डोळ्याला कोरडी, गालाला न्हाई."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

केजजवळच्या आमच्या महिला संस्थेत अक्का चटण्या करायच्या आणि मी लेबलं छापायचे. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून ते काम माझ्याकडे. शेंगदाण्याच्या चटणीवर 'दोन महिन्यांत वापरा' असं असायचं. अक्का हसायच्या. "तारीख कागदाला ठावं. चटणीला कुठं ठावं?"

धुतलेली बरणी दोन दिवस उन्हात पालथी, मगच भरायची, हा त्यांचा नियम. त्या दुष्काळात टँकर आठवड्याने यायचा. मुलींच्या एका वसतिगृहाने पहिल्यांदाच चटणी मागवली होती. टँकर आला त्या दिवशी अक्का लग्नाला युसूफ वडगावला गेल्या होत्या, बाकीच्या बायका पाण्याच्या रांगेत. मी एकटीने बरण्या धुतल्या, पुसल्या आणि त्याच दुपारी भरल्या.

आठ दिवसांनी, टेम्पो यायच्या आधी, अक्कांनी एक झाकण उघडलं. कडेला करडी बुरशी होती. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं.

"वरची काढून टाकू की," एकजण म्हणाली. "असल्या दुष्काळात अन्न टाकायचं का, अक्का?"

"वर दिसती तेवढीच नसती, बाई. लेकरं खानार हायेत."

"भरल्या कुणी?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मी लेबलांचा गठ्ठा नीट लावत राहिले.

"मीच सांगून गेलते, उरकून घ्या म्हनून," अक्का म्हणाल्या.

त्या असं काहीच सांगून गेल्या नव्हत्या.

जनावरांच्या तोंडी लागू नये म्हणून सगळी चटणी खड्ड्यात पुरली. वसतिगृहाने पुन्हा विचारलं नाही. "नियम लई, पर सोताला लग्नाची घाई," असं बायका कितीतरी दिवस अक्कांना ऐकवत होत्या. त्या शेंगदाणे निवडत राहायच्या.

पुढच्या वर्षी लेकीने त्यांना वडवणीला न्यायचं ठरवलं. केजच्या स्टँडवर मी पिशवी द्यायला गेले आणि एकदाचं बोलले, "अक्का, त्या बरण्या मी भरल्या होत्या."

"ठावं हाय. तुज्या ओढनीचे निळे धागे हुते आत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून थांबले, बाय. लई थांबवलंस."

एसटी हलली. मी खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालले. अक्कांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.