कडक झालेला अंगठा

प्लास्टिक तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ताईंनी बावीस वर्षे काढली. पीव्हीसी मुळात कडक; त्याला मऊपणा येतो तो बहुधा थॅलेट नावाच्या तेलकट द्रवामुळे. हा द्रव त्यात नुसता मुरलेला असतो, बांधलेला नसतो. म्हणून मूल खेळणे चोखू लागले की तो लाळेत उतरू शकतो. खेळण्यात त्याचे प्रमाण हजारात एका भागाहून अधिक नसावे, असा नियम. ते किती आहे हे ताईंच्या सहीने ठरे, आणि त्या सहीबद्दल कोणी कधी ब्र काढला नव्हता.

टबात तरंगणारी बदके बनवणाऱ्या एका कारखानदाराचा माल त्यांनी नापास केला, तेव्हा तो सोमवारी तणतणतच आला.

"मॅडम, थॅलेटचं पिंप मी दारातसुद्धा येऊ देत नाही. मग हे आलं कुठून? बदकांनी येताना वाटेत गिळलं?"

"बदकांना विचारूनच अहवाल दिलाय," ताई म्हणाल्या.

गुरुवारी माल दळून टाकायचा होता: सहा हजार बदके, आणि त्यांच्यासोबत बहुधा तो लहानसा कारखानाही.

तो गेल्यावर हातमोजे काढून केराच्या बादलीत टाकताना ताईंचा हात थबकला. आदल्या दिवसांचे मोजे तिथे पडले होते. चार बोटे मऊ, अंगठा मात्र नखासारखा कडक.

नेहमीचे मोजे संपल्यामुळे भांडाराने पंधरवड्यापूर्वी पारदर्शक मोजे दिले होते, तेही पीव्हीसीचेच. नमुना द्रावकात विरघळवताना नळीचे तोंड अंगठ्याने दाबून ती हलवायची, ही ताईंची जुनी सवय. द्रावकाने मोज्यातलेच थॅलेट ओढून घेतले होते. आणि तुलनेसाठीच्या, नुसता द्रावक असलेल्या कोऱ्या नळीत विरघळवण्याजोगे काही नसल्याने ती कधी हलवलीच जात नसे. त्यामुळे ती इमानेइतबारे स्वच्छ दिसत राहिली.

"अहवाल गेलाय, बाई," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "चूक झालीच असेल तर सुरक्षित बाजूला झालीय. कुठल्या बाळाचं काही बिघडत नाही. कशाला पायावर धोंडा मारून घेता?"

"बाळाचं बिघडत नाही सर, पण आकडा खोटा आहे. आणि खाली सही माझी आहे."

काचेची बुचे लावून, मोजे बदलून, ताईंनी दोन दिवसांत पंधरवड्याचे चौदाही नमुने पुन्हा तपासले. एक खुळखुळा तरीही नापासच राहिला. बदके पास झाली. जुना अहवाल मागे घेणाऱ्या पत्रात त्यांनी ना भांडाराचे नाव घातले ना मोज्यांच्या कंपनीचे. लिहिले फक्त, 'नळी अंगठ्याने बंद करण्याची माझी पद्धत सदोष होती.' मग बुधवारी कारखानदाराला स्वतः फोन केला.

सगळे ऐकून घेऊन त्याने विचारले, "म्हणजे मॅडम, मोज्यांना हा नियम नाही?"

"मोजे कोणी चोखत नाही."

"दोन दिवस मी काय काय चघळलंय, तुम्हाला कल्पना नाही."

आता ताई कोरी नळीही इतर नळ्यांइतकीच, पूर्ण दहा मिनिटे हलवतात. एकदा प्रमुखांनी जाता जाता विचारले, "बाई, त्यात आहे काय हलवण्यासारखं?"

"काही नाही, सर," ताई म्हणाल्या, आणि घड्याळाकडे पाहत हलवत राहिल्या.