तिसऱ्या पट्ट्यावरचा आवाज

सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे. उजवं अंग पूर्ण गेलेलं, वाचाही गेलेली. एका कुशीवर जास्त वेळ राहिल्या की पाठीला जखमा होत. त्यामुळे दोन तासांत जाऊन परत येता येईल, तेवढंच माझं भोर होतं. नदीवर धुणं, भाजीबाजार, क्वचित देऊळ, आणि परत. संस्थान विलीन होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही एका बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. हे पोलिसांच्या वायरलेसवर नोकरीला होते.

त्या वर्षी उन्हाळा संपताना ह्यांना हुकूम आला: पावसाचे चार महिने वेल्ह्याच्या चौकीवर. ओढ्यांना पाणी आलं की वेल्ह्याचा रस्ता बंद पडे, टपाल आठ-आठ दिवस अडकून राही. म्हणून तिथं पावसापुरता वायरलेस ठेवायचं ठरलं होतं. बरोबर आमच्याच चाळीतला एक शिपाई जाणार होता. त्याची खोली आमच्या भिंतीला लागून होती.

"चार महिने मी इथं काय करू?" मी विचारलं.

"आईला बघायचं," हे म्हणाले.

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तरी मला ते फार लागलं.

रेडिओची कल्पना माझी. पण मला गाणी नको होती. ह्यांच्या बोलण्यात एकदा आलं होतं की पोलिसांचं बोलणं ज्या लहरींवर, नव्वद मीटरच्या आसपास, चालतं, त्या काही घरगुती सेटवरही सापडतात. मुद्दाम शोधाव्या लागतात इतकंच. ते मी मनात ठेवलं होतं. आता बोलून दाखवलं, तेव्हा ह्यांनी डब्यातले पैसे काढून मोजले. शेवटी म्हणाले, "रविवारी पुण्याला जाऊ."

सासूबाईंजवळ शेजारीण बसली, त्या शिपायाची बायको. भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरावरच्या धनगरवाडीत तिचं माहेर. चाळीत येऊन तीन वर्षं झाली तरी तिला भिंतींची सवय झाली नव्हती. स्वयंपाकसुद्धा दारात बसून करायची.

"जावा वैनी, बिनघोर जावा. म्या हाय हितं," ती म्हणाली.

बुधवार पेठेतल्या दुकानदारानं आधी एक मोठा, हिरवा दिवा लुकलुकणारा सेट दाखवला. तो विजेवर चालणारा. आमच्या चाळीत वीज नव्हती. मग एक साईच्या रंगाचा, ड्राय बॅटरीवरचा, दोन पट्ट्यांचा. त्यानं तो लावला आणि दुकानभर गाणं पसरलं. "बाई, आवाज बघा कसा खणखणीत आहे. आणि दिसायलाही शोभिवंत."

खालच्या फळीवर एक काळा, जड सेट होता. कोपऱ्याला तडा गेलेला. त्याच्या काचेवर आकड्यांच्या तीन ओळी होत्या.

"ह्या तिसऱ्या पट्ट्यावर काय लागतं?"

"काही नाही हो. खरखर, टकटक. जहाजांचं, सरकारी बिनतारीचं बोलणं. गाणी नाहीत त्यावर."

"नव्वद मीटरपर्यंत जातो?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे रस्त्याकडे तोंड करून उभे होते, जणू आमच्याबरोबर आलेच नव्हते.

"जातो की. पण जुना माल आहे. बॅटरी फार खातो."

मी दोन्ही सेटांची बटणं फिरवून पाहिली. साईच्या रंगाच्या सेटची सुई एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारत होती. मधलं सगळं हातातून निसटत होतं. काळ्याची सुई थिजलेल्या तुपात बोट फिरावं तशी सावकाश सरकत होती. बारीक आवाजही तिथं धरून ठेवता आला असता. मी म्हटलं, "हाच द्या." आयुष्यात एवढ्या ठामपणे मी दुसरी कुठली वस्तू निवडल्याचं मला आठवत नाही.

पोस्टातून रेडिओच्या परवान्याचं पुस्तक आणलं. घरी आल्यावर ह्यांनी त्यातल्या अटी मला मोठ्यानं वाचून दाखवल्या. आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकू आला, तर तो कुणालाही सांगू नये, अशी एक अट होती. तिथं ते थांबले.

"हे कळलं? माझी नोकरी आहे ही. आईची शपथ घे."

मी सासूबाईंच्या डाव्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. त्या माझ्याकडे पाहत होत्या. ह्यांनी छपरावरून तार ओढली, तिसऱ्या पट्ट्यावर काचेवर कुंकवाचा ठिपका लावला आणि मला बोलण्याच्या तीन वेळा सांगितल्या: सकाळी आठ, दुपारी बारा, चार. दुसऱ्या दिवशी ते आणि तो शिपाई गेले.

पहिला आठवडाभर नुसती खरखर. मग एका सकाळी, ठिपक्याच्या जरा अलीकडे, ह्यांचा आवाज आला. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. वेल्ह्यात पाऊस किती इंच, कुठल्या ओढ्यावरून पाणी जातंय, रस्ता चालू की बंद. मग "ओव्हर". मग पुण्याचा आवाज. सासूबाईंनी मुलाचा आवाज ओळखला. डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरलं.

मला वाटलं होतं, आवाज ऐकला की हे घरात असल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. ते पुण्याशी बोलत. मी काचेपलीकडून पाहावं तशी ऐकत असे. एकदा त्यांना खोकला झाला होता. आठ दिवस मी तो खोकला ऐकला आणि काढ्याचं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचवू शकले नाही. शिवाय सेटचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिन्ही वेळा दार-खिडकी लावून घ्यायची. अंथरुणाचा, औषधांचा, ओल्या कपड्यांचा वास आणि आम्ही दोघी. ज्या खोलीतून सुटका हवी म्हणून तो सेट आणला, त्या खोलीला त्यानं आतून कडी घातली.

शेजारीण एकदा म्हणाली, "वैनी, गानी का न्हाई लावत वो? नुसतंच घरघरतंय."

"लागत नाहीत," मी म्हटलं. तिला अक्षरओळख नव्हती, नवऱ्याची खुशाली कळायला तिला मार्गच नव्हता. मला रोज कळत होती. चौकी ठीक, माणसं ठीक. पण मी सांगत नव्हते.

श्रावणात एके दिवशी बाराच्या वेळेला ह्यांचा आवाज निराळा वाटला. फार सावकाश, एकेक शब्द तोलून बोलत होते. काल दुपारी वरच्या वाडीला औषध घेऊन गेलेला शिपाई परत आला नाही. ओढ्यावरचा साकव वाहून गेला आहे. शिपाई साकवावर असतानाच साकव गेला, असं पलीकडच्या काठावरून एका गुराख्यानं ओरडून सांगितलं. मग त्यांनी बक्कल नंबर सांगितला. दोनदा.

त्या नंबराचं पितळ शेजारीण चिंचेनं घासायची. कितीदा मी ते तिच्या हातात पाहिलं होतं.

मी सेट बंद केला. सासूबाईंची कूस बदलली. थोड्या वेळानं दारावर थाप पडली. शेजारीण उभी होती, हसत. "वैनी, कासार आलाय. चला की बांगड्या भरायला."

चाळीच्या ओट्यावर कासार बसला होता. तिनं दोन्ही हात पुढं केले. हिरव्या बांगड्या निवडल्या, डझनभर. कासार तिचा पंजा दाबून एकेक बांगडी चढवत होता आणि ती मला सांगत होती, पावसाळा संपला की नवऱ्याला घेऊन माहेरी जाणार, भावाच्या मुलीचं जावळ आहे. मी माझेही हात पुढं केले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. एक बांगडी माझ्या हातावर फुटली. "दुखलं व्हय?" तिनं विचारलं.

चार वाजता पुन्हा दार लावून बसले. शोध थांबवला होता. वेल्ह्याच्या बाजूनं ओढा ओलांडता येत नव्हता. पुण्याचा आवाज म्हणाला, "घरच्यांना कळवू नये. खात्री झाल्यावर इथून कळवू."

मध्ये जरा खरखर झाली. मग हे म्हणाले, "समजलं. ओव्हर."

मी सेट बंद केला. खोलीच्या भिंती अंगाला टेकल्यासारख्या वाटत होत्या. भिंतीपलीकडे ती भाकरी थापत होती, ती थाप मला ऐकू येत होती. शपथ, ह्यांची नोकरी, ही खोली, हे अंथरूण. कुठल्याही बाजूला वळलं तरी काहीतरी आडवं येत होतं.

तेवढ्यात सासूबाईंनी डाव्या हातानं माझा पदर ओढला. त्यांचं तोंड वाकडं होत होतं, गळ्यातून आवाज निघत होता. दोन वर्षांत त्यांचा एक शब्द मला कळला नव्हता. मी कान जवळ नेला.

"सां..." त्या म्हणाल्या. पुन्हा जोर केला. "सांग."

"तुमची शपथ आहे," मी त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवून म्हटलं.

त्यांनी माझा हात झटकून टाकला. मग भिंतीकडे बोट केलं.

दिवेलागणीला मी शेजारणीकडे गेले आणि सगळं सांगितलं. रेडिओचं, बक्कल नंबराचं, सगळं. ती रडली नाही. तव्यावरची भाकरी काढून खाली ठेवली.

"कंचा साकव?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"बांगड्या भरताना ठावं हुतं तुमाला?"

"हो."

"मग तवाच का न्हाई बोललात?"

 उत्तराची वाट तिनं पाहिली नाही. ती मनाशी हिशेब करावा तसं बोलू लागली. "त्या वड्याला खाली वळन हाय. तितं आमच्या चुलत्याची मेंढरं असत्यात. वाहून गेला आसंल तर तितंच लागंल. पोलीस खालनं बघत्यात. वरनं बघाया पायजे. आमी लोक वरनंच उतरतो."

"एवढ्या पावसात डोंगर चढणार तू?"

"मग काय हितं बसू?"

उजाडायच्या सुमाराला ती घोंगडी डोक्यावर घेऊन निघाली. मला वाटलं, आपणही हिच्याबरोबर जावं. निदान डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पण सासूबाईंना कुशीवर वळवायची वेळ झाली होती.

त्या दिवशी तिन्ही वेळांना काही नवं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. बॅटरी उतरत चालली होती. कान सेटला लावला तरच शब्द लागत. मी तिला मरणाच्या वाटेवर पाठवलं की काय, ह्या विचारानं मी पुन्हापुन्हा दारात येऊन डोंगराकडे पाहत होते. चाळीतल्या बायका विचारत होत्या, ती कुठं गेली? मी म्हणत होते, माहेरी. ते खोटं नव्हतंही.

दुपारी बारा वाजता ह्यांचा आवाज आला, इतका बारीक की सुरुवातीला पटेना. शिपाई जिवंत आहे. वळणाजवळ त्याला मेंढपाळांनी पाण्यातून ओढून काढलं होतं, पाय मांडीत मोडलेला. दोन्हीकडून पाणी, त्यामुळे त्यांना कुणाला कळवता आलं नव्हतं. वरून डोंगरातनं त्याच्या बायकोकडची माणसं उतरली आणि घोंगडीची झोळी करून त्याला डोंगराच्या धारेवर नेलं. आता भोरच्या बाजूनं खाली आणत आहेत.

मी सासूबाईंचा हात धरून हसत होते आणि रडत होते. तेव्हाच पुण्याच्या आवाजानं विचारलं, "घरच्यांना कुणी कळवलं?"

किती तरी वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, बॅटरी संपली.

"माहीत नाही," हे म्हणाले. "ओव्हर."

शिपायाला भोरच्या दवाखान्यात ठेवलं. पाय वाचला, पण आखूड झाला. त्याला नोकरी सोडावी लागली. शेजारीण दवाखान्यातून एकदाच खोलीवर आली, भांडी-अंथरूण न्यायला. सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्याशी बोलली, नीटच बोलली, पण पूर्वीसारखी दारात टेकली नाही. ती दोघं वाडीवर राहायला गेली. नंतर कधीतरी बाजारच्या दिवशी भोरात ती मला लांबून दिसली, पाठीवर मूल बांधलेलं. मी हाक मारली. गर्दीत तिला ऐकू गेली नसावी.

ह्यांची चौकशी झाली. काही सिद्ध झालं नाही, पण त्यांना वायरलेसवरून काढून भोरच्या कचेरीत कारकुनी कामाला लावलं. वायरलेस हे त्यांचं एकच प्रेम होतं. रोज सहाला ते घरी येऊ लागले. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहायची सोय राहिली नव्हती. ते कधी रागावले नाहीत. तो सेट त्यांनी एका ओळखीच्या मास्तरांना देऊन टाकला.

सासूबाई त्यानंतरच्या वर्षी गेल्या. त्यांचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. पहिल्यांदाच मला घरात परतायची घाई नव्हती, आणि जावं असं ठिकाणही आठवत नव्हतं. हे एकदम म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर सांगितलं नसतं."

मी ओट्यावर पडलेली पानं गोळा करू लागले.

"दोन महिने त्या शिपायाबरोबर एका ताटात जेवलो मी. तरी सांगितलं नसतं. तू शपथ मोडलीस ह्याचा मला राग नाही. मी मोडली नसती, हे मला तेव्हा कळलं, आणि ते मनातून काही जात नाही."

मग ते उठले, पाणी प्यायले आणि कचेरीतले कागद काढून बसले.