हिरव्या लुगड्यातला दगड

केनवडच्या आमच्या रानात कुदळ मारली की काळा दगडच खणाणतो. लाव्हाचा तो दगड. त्यात समुद्राची खूण कुठली असायला. म्हणूनच लेकीने स्पितीच्या डोंगरातून आणलेले तीन राखाडी दगड दिवाळीत हातात घेतले, तेव्हा मी थबकले. त्यांत दगड झालेली समुद्रकमळे होती. नाव फुलाचे, जात प्राण्याची. मणी ओवावेत तशी देठे, वर मिटलेल्या पाकळ्या.

लेक भूशास्त्र शिकते. कोणत्या थरात कोणते कमळ सापडते, त्यावरून त्या प्राचीन समुद्रतळाचे वय ठरवायचे, हा तिचा प्रबंध. प्रत्येक दगड वेगळ्या थरातला. थराचा क्रमांक तिने त्याच्या पाठीवर लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मालेगावला गेलो. परतलो तर देवघरातून शेंदराचा तेलकट वास येत होता. आपापल्या चिंध्यांत पुन्हा बांधून ठेवलेली दगडांची गाठोडी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी उघडली होती. दगडात कमळ पाहून त्यांनी ते देवीचे तांदळे मानले, राखेने आणि काथ्याने लख्ख घासले, शेंदूर लावून पाटावर बसवले. क्रमांक राखेबरोबर मोरीतून वाहून गेले होते.

लेक रडली नाही. थर ठाऊक नसेल तर हे नुसते सुंदर दगड, एवढेच म्हणाली. आणि ज्या तळथरावर सारा प्रबंध उभा, त्यातला दगड या तिघांतलाच एक. जाऊबाई किती तरी वेळ शेंदराची बोटे पदराला पुसत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारले, दगड बांधलेल्या चिंध्या त्यांच्याच जुन्या लुगड्यांच्या होत्या ना?

होत्या. प्रवासाला निघताना लेकीने त्या मागून नेल्या होत्या. तिने घाईघाईने वही उघडली. दगड बांधताना चिंधीचा रंगही तिने समासात टिपला होता. तळथरापुढे लिहिले होते : हिरवी.

जाऊबाईंनी मधला दगड उचलला. "हा हिरव्यातला. गाठ सुटे ना म्हून दातानं सोडली, तवा हे मोडकं टोक ओठाले टोचलं." ओठावर बारीक ओरखडा होता.

"अन् हे दोन, मोठीमाय?"

जाऊबाईंनी दोन्ही दगड आलटून पालटून चाचपले. "नाही सांगता येत, बाई. संगंच उघडले. तुले बरं वाटावं म्हून खोटं कायले सांगू?"

लेकीने वहीतल्या त्या दोन नोंदींवर काट मारली. ते दोन दगड देवघरातच राहू द्या, म्हणाली. मधल्याचा शेंदूर निघाला, तरी पाकळ्यांच्या खाचांत केशरी रेघ राहिलीच.

ती निघाली त्या सकाळी जाऊबाईंनीच तो हिरव्या चिंधीत ठेवला. क्रमांकाची चिठ्ठी तिच्याकडून मागून घेतली, घडीत सारली आणि मगच गाठ मारली. सैल, बोटांनी सुटेल अशी.