सासूबाईंचा ठेवणीतला कान

एस्तेराबाई दर महिन्याला खटारा गाडी हाकत आमच्या मारामुरेशच्या डोंगरात येतात आणि बहिऱ्या म्हाताऱ्यांना कानाचं मशीन फुकट बसवून देतात. आमचं गाव ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, त्या दुसऱ्या पंथाच्या, बाप्टिस्ट मिशनच्या. आमचे पाद्रीबुवा त्यांच्या नावानं नाक मुरडतात, पण स्वतःच्या आईला गुपचूप त्यांच्याकडेच धाडतात. बाईंचा नेम ठरलेला: "आधी प्रार्थना, मग बॅटरी."

परवा त्या माझ्या सासूबाईंना गेल्या महिन्यात दिलेलं मशीन तपासायला आल्या, तर मशीन कानात नव्हतंच. सासूबाईंनी आपली पेटी उघडली. त्यात मेल्यावर अंगावर घालायचे कपडे होते, मेणबत्त्या होत्या आणि रुमालात गुंडाळलेलं कोरं करकरीत मशीन.

"वर देवानं हाक मारली तर मला ऐकू नको यायला?" सासूबाई ओरडल्या.

एस्तेराबाई त्याहून मोठ्यांदा ओरडल्या, "आजी, तिथले कान देव बघेल! इथले माझ्याकडे आहेत!" आणि प्रार्थना उरकून त्यांनी मशीन कानात बसवलंसुद्धा.

मी चुलीपाशी मक्याची ममालिगा घोटत होते. आठ वर्षांच्या सवयीनं पुटपुटले, "म्हातारी मरेल, पण हट्ट सोडायची नाही."

"ऐकलं मी," मागून आवाज आला.

माझ्या हातातला डाव गळून पडला. एस्तेराबाई तोंडावर हात दाबून हसत होत्या.

सासूबाई मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या. "आठ वर्षांत पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला गं, सूनबाई. गोड आहे. बोल अजून. शिव्या दे हवं तर."