पत्रकातून काढलेलं वाक्य

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. आईपाशी नाही, आमच्या गटातल्या कुणापाशी नाही — आणि जिच्यापाशी सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं, तिच्यापाशी तर नाहीच. तुम्ही अनोळखी, म्हणून जमतंय. हीसुद्धा पळवाटच, कळतं मला.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा चळवळीतले, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे गिरवले. मोठी झाल्यावर चळवळीच्या गटाची पत्रकं मीच लिहू लागले. त्यातलं एक गॅसच्या गोळीवर होतं.

राग खरा होता. अजूनही आहे! आमच्याकडे छातीत जळजळलं की घे गोळी. लग्नात जेवायचंय, आधीच घे. दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी बाबांनी नऊ वर्षं घेतली, रोज सकाळी, उपाशीपोटी. पाय इतके बधिर झाले की चप्पल निसटलेली कळेना. मग अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व फारच कमी. पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं दाबलं, की काहींना बी-ट्वेल्व अन्नातून नीट मिळत नाही, म्हणाले. मॅग्नेशियम घटू शकतं, हाडं ठिसूळ होऊ शकतात. मग नऊ वर्षांत हे एकानेही सांगू नये? अशा वेळी पत्रक लिहायचं नाही, तर काय करायचं?

लिहिलं. त्या डॉक्टरांनी मसुदा वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने एक वाक्य जोडलं — गोळी मनाने एकदम बंद करू नका. दुखण्याची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.

मला ते वाक्य मिळमिळीत वाटलं. एवढं पेटवायचं आणि शेवटी काय, डॉक्टरांना विचारा?

अमरावतीच्या प्रेसमध्ये वर्षाताई टाइप करायच्या. वाक्य त्यांनी टाइप केलं होतं. मी काढायला सांगितलं. जागा नव्हती, असं म्हणता आलं असतं — पण जागा होती. त्या म्हणाल्या, “कामाचं हाये न ताई थे. राहू द्या.” मी म्हणाले, “पत्रक आहे हे, औषधाची चिठ्ठी नाही.” आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश झाले. त्यांनी ओळ पुसली. वर मोठ्या अक्षरांत उरलं — फेका ही गोळी!

माझी मावशी बार्शीटाकळीला वांगी आणि झेंडू लावते. उकिडवं बसून बसून गुडघे गेलेले. त्यासाठी रोज दुखण्याची गोळी, आणि त्या गोळीने पोटाला इजा होऊ नये म्हणून सोबत गॅसची. दोन्ही तिला अकोल्याहून कोण आणून द्यायचं? मीच. तरी तिच्या अंगणात बसून ते पत्रक मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. भाचीने लिहिलं म्हणून तिने गॅसची गोळी त्याच दिवशी सोडली. दुखण्याची चालूच ठेवली — तिच्याबद्दल पत्रकात अक्षर नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती वांग्याच्या सरीत चक्कर येऊन पडली. चार दिवस शौचाला काळं होत होतं, लाजेपायी बोलली नव्हती. पोटातली जखम वाहत होती. अकोल्याला रक्त चढवावं लागलं. वाचली.

डॉक्टरांनी पत्रक हातात घेऊन गटातल्या सगळ्यांसमोर विचारलं, माझं वाक्य कुठे आहे?

मी म्हणाले, टाइप करताना गळलं असेल. प्रेसची चूक.

इतकं सहज! जीभ अडखळलीसुद्धा नाही. पुढे गटाने प्रेसला निषेधाचं पत्र पाठवलं. ते कुणी लिहिलं, विचारा ना. मीच. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द त्यात तीनदा होता. वर्षाताईंचं काम गेलं. प्रेसच्या मालकापाशी त्या खरं बोलल्या असतीलच. पण माझ्या नावापुढे त्यांचं कोण ऐकणार होतं? ते मला पत्र लिहितानाच ठाऊक होतं.

मावशी खाटेवरून मलाच समजावत होती, “तू कावून रडून राहिली वं? लाज त्या टाइपवालीले वाटाले पायजे.” मी मान हलवली. होकारार्थी.

मागच्या महिन्यात नांदगाव पेठेहून अमरावतीला येत होते. बस भरलेली. खिडकीशी वर्षाताई बसल्या होत्या — तिथल्या कापडाच्या कारखान्यातून सुटून आलेल्या, केसांत कापसाची तूस. मला पाहून त्यांनी डबा मांडीवर घेतला.

“बसा न ताई.”

बसले.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, “तुमची मावशी कशी हाये आता?”

बरी आहे, म्हणाले. त्या म्हणाल्या, “बरं झालं.” आणखी काही नाही. टोमणा नाही, रागाची एक नजरही नाही. अमरावती यायला वीस मिनिटं होती. आमचे खांदे एकमेकींना लागत होते, आणि त्या पूर्ण वीस मिनिटांत मी तोंड उघडलं नाही.