आक्काचं भ्या

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जे विचारलं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. “मामा, आई गेली,” एवढंच माझा भाचा प्रकाश म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं, “कुठल्या झाडाखाली?” तो म्हणाला, “न्हाय मामा, झाड न्हवं... जेवून सोप्यात आडवी झालती. उठलीच न्हाय.” आदल्या संध्याकाळी वळवानं गारगोटीकडचा सगळा भाग झोडपून काढला होता. कोल्हापूरहून एसटीनं निघालो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोडलेल्या फांद्या लोंबत होत्या. एखाद्या फांदीखालून गाडी गेली की मी मान आत ओढून घेत होतो. बहीण साध्या मरणानं गेली होती, तरी माझी भीती काही जायला तयार नव्हती.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं घर गडमुडशिंगीला. लहानपणी तिला भीती ठाऊकच नव्हती. चिंचेच्या शेंड्यावर बसून ती खाली आम्हाला चिंचा फेकायची आणि आई खालून शिव्या द्यायची. लग्न होऊन ती गारगोटीच्या पुढच्या एका गावात गेली. दाजींना शेती थोडी, त्यामुळे वळीव होऊन गेला की दोघं नवरा-बायको बांधावर पडलेली झाडं तोडायला जायची. शेतकऱ्याचं रान मोकळं व्हायचं आणि लाकूड यांना मिळायचं. पावसाळाभर चूल आणि पाण्याचा बंब त्यावरच चालायचा. दाजींच्या हातात कुऱ्हाड, आक्काच्या हातात कोयता. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. दोघं कामात असली की एकमेकांशी बोलायची नाहीत, नुसती मान हलवायची.

दाजी गेले ते जांभळाखाली. वाऱ्यानं मोडलेला शेंडा शेजारच्या झाडात अडकून बसला होता. पानं हिरवी, त्यामुळे खालून तो मोडलेला आहे हे ध्यानातच येत नव्हतं. दाजी बुंध्यावर घाव घालत होते आणि आक्का भाकरी घेऊन बांधावरून येत होती. तिनं वर पाहिलं. तो शेंडा सुटताना तिला दिसला. ती ओरडली... पण दाजी आवाजाच्या दिशेनं वळून तिच्याकडे बघत राहिले. पुढं अनेक वर्षं ती मला एवढंच सांगायची, “मी वराडलो नसतो तर ते घाव घालून मागं सरलं असतं का रं?”

त्यानंतर आक्का झाडाखाली गेली नाही. विहारात बुद्धवंदनेला जातानासुद्धा दारातल्या कडुनिंबाला वळसा घालून जायची. वारा सुटला की घरातल्या सगळ्यांना हाका मारून आत घ्यायची आणि आढ्याकडे बघत बसायची. घरात गॅस आला तेव्हा वाटलं, आता लाकडाचा विषय संपला. पण प्रकाश मोठा झाला आणि त्यानं लाकूड कापायचं मशीन घेतलं. बापाचा धंदा त्याच्या अंगातच होता. आक्का रडली, उपाशी राहिली. तो ऐकेना. शेवटी ती म्हणाली, “मग मी बी येतो. लांब हुबा ऱ्हातो.”

आणि ती खरंच जाऊ लागली. झाडाच्या उंचीपेक्षा लांब, बांधावर, डोक्यावर पदर घेऊन उभी. आधी वर बघायचं, कुठं काय अडकलंय ते. मग पळायची वाट मोकळी करायची, त्यातली काटकी न् काटकी उचलायची. वाकून ताणलेल्या फांदीच्या पुढ्यात कुणी उभं राहायचं नाही. हे सगळं ती ओरडून सांगायची आणि माणसं हसायची. “भित्री म्हातारी आली बघा,” असं तिच्या तोंडावर म्हणायची. प्रकाशलाही लाज वाटायची. “आई, घरला जा की!” तो खेकसायचा. ती जागची हलत नसे.

दोन-तीन वर्षांमागं तिच्या घरामागचा आंबा वळवानं मुळासकट उलथला, तेव्हा मी तिथंच होतो. आडवा पडलेला अजस्र बुंधा, आणि त्याच्या मुळांचा मातीसकट उचकटलेला गड्डा भिंतीसारखा उभा. त्याच्यामागं खोल खड्डा. प्रकाशनं बुंध्याला मशीन लावलं. शेजारचे बाळूतात्या फांद्या छाटत होते. मी आक्काशेजारी उभा होतो. अचानक तिनं माझं मनगट धरलं. “बाळू कुठं हाय?” बाळूतात्या दिसत नव्हते. मग मुळांच्या वर कोयत्याचं टोक दिसलं. तात्या त्या खड्ड्यात उतरून मुळ्या तोडत होते.

मला कळलंच नाही काय होणार आहे ते. आक्काला कळलं. बुंध्याचं वजन होतं म्हणून तो गड्डा उभा होता. बुंधा तुटला की तो जागच्या जागी परत बसणार होता, तात्यांवर. ती ओरडली, पण मशीनच्या आवाजात काही ऐकू जाईना. बुंधा करकरला... आणि इतकी वर्षं झाडाखाली पाऊल न टाकलेली माझी बहीण पळत सुटली. मी तिच्या मागं धावलो. तिनं खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून तात्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि अंग मागं झोकून दिलं. दोघं बाहेर कोसळली. तेवढ्यात बुंधा तुटला. तो गड्डा सावकाश हलला, मग एकदम धाडकन खाली बसला. पायाखालची जमीन हादरली. खड्डा नाहीसा झाला. तात्यांचा कोयता आत, एक चप्पल आत.

प्रकाशनं मशीन बंद केलं. बाळूतात्या आपल्या अनवाणी पायाकडे बघत बसले होते. आक्काला उलटी झाली. तिला उचलून आणावं लागलं. सोप्यात बसवून पाणी दिलं तर पेला दातांवर वाजत होता. प्रकाश तिच्या पायाशी बसला. “आई, आता न्हाय जात मी,” तो म्हणाला. तिनं मान हलवली. “जा की. पर मला घिऊन जा. मला लई भ्या वाटतंय रं... लई.” मला वाटत होतं, एवढं केल्यावर तिची भीती मोडेल. ती मोडली नाही, उलट वाढली. त्यानंतरही ती प्रत्येक झाडाला गेली, आणि घरी आल्यावर प्रत्येक वेळी आजारी पडली. तिला कुणी भित्री म्हणेनासं झालं, एवढाच फरक पडला.

आक्काच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर प्रकाश मला गावाबाहेरच्या पाणंदीवर घेऊन गेला. ती जायच्या आदल्या संध्याकाळच्या वळवात तिथला एक उंच सिल्व्हर ओक अर्धा उपटून दुसऱ्या झाडावर रेलला होता. खाली वाटेवर, दोन्ही बाजूंच्या कुंपणांना गाठी मारून, आक्कानं आपलं जुनं हिरवं लुगडं आडवं बांधलं होतं. वादळ थांबल्यावर, अंधार पडायच्या आत, एकटीच येऊन ती बांधून गेली होती. “सकाळी मला म्हणाली, चार दिस वाट बघ, वारा पडू दे,” प्रकाश म्हणाला. “आणि दुपारी...”

परवा पुन्हा गेलो होतो. लुगडं पावसानं विटलंय, एका बाजूनं फाटलंय, पण गाठी घट्ट आहेत. झाड अजून तसंच रेललेलं आहे आणि वारा आला की वर कुठंतरी लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज येतो. प्रकाश मशीन घेऊन दोनदा तिथवर गेला आणि परत आला. पोरं शाळेला जाताना उसातून वळसा घालतात, बाया डोक्यावरचा भारा सावरत चिखलातून जातात, पण लुगड्याची गाठ कुणी सोडत नाही. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो. वर बघितलं. मग मीही चपला हातात घेतल्या आणि उसात शिरलो.